चिपकणारी आणि दुसरी

नवतप्यात सेमिनरी हिल्सवर
पहाटे पाचलाच काय ते थोडं गार असतं.
तेवढ्यात मोजून घ्यायचं सगळं.
सहा वाजून गेले की ऊनच उघडत सुटतं
प्रत्येक कातडीखालच्या बारीक नसा,
मग श्रेय चुंबकाला द्यायचं की सूर्याला,
कोण सांगणार?

घोडीचं नाव मैना.
बावीस वर्षांची. पाचपावलीच्या एका बँडवाल्याकडून आलेली.
किती नवरदेव उतरवले असतील पाठीवरून,
हिशोब नाही.
अजूनही कुठे ताशा वाजला
तर ठाणावरच, जागच्या जागी,
एकेक पाऊल उचलून ठेवते.

डाव्या नळीवर एक पट्टा, उजव्या नळीवर एक.
एकात चुंबकाची चकती,
दुसऱ्यात साधं पोलाद,
तेवढंच जड, तेवढंच चकचकीत.
कुठली कुठे, ते किन्हेकर सरांच्या कपाटात,
बंद पाकिटात.
मला कळलं तर माझा डोळा आकड्याला ढकलेल
हळूच, माझ्याही नकळत.
डोळ्यांची ही सवय जुनी आहे.

रुपयाएवढं भादरलेलं कातडं,
त्यावर लेझरचा सेन्सर.
पडद्यावर रक्ताची रेघ
चढते, पडते,
माशी बसली की उसळते.
शालिकभाऊ लगाम धरून मैनेच्या तोंडाशी.
"रक्तात लोहा रायते ना मॅडम?
मंग चुंबक खिचत असन त्याले."
म्हटलं, असतं लोह, पण ते खिळ्यासारखं नसतं.
चुंबक जवळ आलं तरी
ते ओळख दाखवत नाही.
"म्हंजे सोयरा हाये," ते म्हणाले,
"पण लग्नाची पत्रिका नाही."

एकवीस पहाटा.
एकदा वीज गेली, एकदा मैनेने सेन्सरच चावला,
एकदा मीच रडले, तिचा काही संबंध नव्हता.
आणि शेवटी दोन रेघा
एकमेकींवर अशा बसल्या
जशी घडी घातलेली ओढणी.
फरक नाही.
सर म्हणाले, शून्य हेही उत्तर असतं, नीट लिही.

त्या संध्याकाळी झीरो माइलवरून स्कूटी काढली.
खांबाशेजारचे ते चार घोडे
पाय उचलून तसेच उभे,
भर उन्हात, आत रक्ताचा थेंब नाही.
त्यांच्या नळ्यांवरही तापमान
मैनेइतकंच भरलं असतं त्या वेळी.
सिग्नल सुटला. मागच्याने हॉर्न मारला.

दुसऱ्या दिवशी पाकीट फोडलं.
चुंबक डावीकडे होतं.
"मले पयल्याच दिवशी मालूम होतं,"
शालिकभाऊ टोपलीत शेण भरता भरता म्हणाले.
सदऱ्याला बटनाऐवजी टाचणी,
पट्टा बांधायला वाकले तशी
ती डावीकडे ओढली गेली.
मी कपाळाला हात लावला.
काहून नाही सांगितलं?
"तुमी इचारलं नाही. अन् तुमालेच
मालूम नको होतं ना?"
मग जरा थांबून,
"मी दोनी पाय सारकेच चोळत होतो, बाप्पा.
घोडीले काय डावं-उजवं."
रोज, साडेचारला, मी यायच्या आधी.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं,
मला अजून ठरवता आलेलं नाही.

जाताना त्यांनी चकत्या मागितल्या.
घरी सुलोचनावहिनी साड्यांना फॉल लावतात,
गुडघे धरलेत दोन वर्षांपासून.
मी खरं ते सांगितलं:
भाऊ, काही होत नाही याने.
आपणच मोजलं की नाही, एकवीस दिवस?
"हो ना. मीच तं लगाम धरून होतो."
त्यांनी साधी चकती माझ्याकडे परत सरकवली,
चुंबकाची घेतली,
सुतळीचा एक हात लांब तुकडा कापला,
चकतीला गाठ मारली, ओढून पाहिली.
"तिच्या सुया पडते खाली.
दिवसातून पन्नास वेळा वाकते.
आता बसल्या जागेवरून
हे सोडन खाली, अन् उचलन."

मैनेने ठाणावरून मान वळवली.
गाठ पक्की होती.